कवळीवाल्यांची गाडी मऊ करताना

आमच्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे कवळीवालेच म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना 'डॉक्टर' म्हणालो, तर हात वर करून म्हणाले, "मिस्त्री, डॉक्टर पुढे बसतात, मी मागच्या खोलीत. ते दात पाडतात, मी दात करतो. लोक त्यांना बघून घाबरतात आणि माझी कवळी घालून हसतात. आता कुणाचा धंदा बरा, तुम्हीच सांगा."

तीस वर्षं त्या मागच्या खोलीत बसलेला माणूस. एक टेबल, एक दिवा, मेण वितळवायची चिमुकली ज्योत आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. भुवयांवर कायम थोडी असायचीच. मूलबाळ नव्हतं. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिचा आवाज असा होता की तिने नुसतं "थांबा हं" म्हटलं तरी माणूस खुशाल तासभर थांबावा. आम्ही तिला वहिनी म्हणायचो.

दोघांनी आयुष्यात हौस अशी एकच केली. एक जुनी, दोन सीटांची, जमिनीला चिकटून धावणारी हिरवी स्पोर्ट्स कार घेतली. रविवारी सकाळी थर्मास भरायचा, डोंगराच्या रस्त्याने वर जायचं, कॉफी प्यायची, उतरायचं. बाकी सहा दिवस गाडी भाजी आणायला आणि दातांची खोकी पोचवायला. म्हणजे शर्यतीचं घोडं टांग्याला जुंपलेलं.

मी फक्त गाडीची खालची बाजू बघतो. स्प्रिंगा, शॉकअप, बुश, चाकांचे कोन. इंजिनाला हात लावत नाही. बत्तीस वर्षं झाली, शेजारच्या सीटवर बसून एक गल्ली फिरलो की कुठलं चाक कण्हतंय ते माझ्या पाठीला कळतं. निदान मला तसा गर्व होता.

कवळीवाले आले ते वहिनींच्या पाठीसाठी. "हिची पाठ दुखते हो," ते म्हणाले. "प्रत्येक खड्डा हिला लागतो. गाडी मऊ करून द्या. पण होडीसारखी डुलायला नको. वळणावर गाडीनं गाडीसारखंच वळलं पाहिजे."

वहिनी शेजारून म्हणाल्या, "म्हणजे यांना सून सोशीक हवी आणि नाचणारीही हवी."

गाडी वर उचलली. आधीच्या मालकाने तिचं पार वाटोळं केलं होतं. शर्यतीच्या मैदानासाठीच्या कडक स्प्रिंगा घालून ती इतकी खाली आणली होती की चाकाला वरखाली व्हायला जागाच उरली नव्हती. जरा मोठा खड्डा आला की आतलं रबर आपटायचं आणि धक्का थेट मणक्यात.

मी त्यांना माझ्या परीने शिकवलं. "स्प्रिंग गाडीला पेलते आणि शॉकअप स्प्रिंगला आवरतो. दोघांचं जमलं पाहिजे, नवराबायकोसारखं. नुसती स्प्रिंग मऊ केलीत आणि शॉकअप तोच कडक ठेवलात तर घरात रोज भांडण. रोजच्या रस्त्यावर चालवायची गाडी फार खाली आणायची नाही, चाकाला हालायला जागा ठेवायची. आणि सगळ्यात आधी टायर. चाक एका मापाने लहान करा, टायरची भिंत जाड घ्या. निम्मा धक्का तिथेच मरतो."

टायर बदलले. दोन आठवड्यांनी आले. फरक होता, पण पुरेसा नव्हता. मग मी त्यांच्यापुढे टेबलावर पर्याय मांडले. एक संच असा की ज्याची उंचीही फिरवता येते, दिसायला देखणा, पण खडबडीत रस्त्यावर त्याचा स्वभाव तापट. दुसरा कंपनी मूळ गाडीला देते तसा, साधा, बिचारा. तिसरा रस्त्यासाठीच बनवलेला, स्प्रिंगा कंपनीच्यापेक्षा किंचित कडक पण आत्ताच्या शर्यतवाल्यांहून खूप मऊ, शॉकअपवर एक बटण, टक्‌ टक्‌ करत मऊ-कडक करता येणारं.

कवळीवाल्यांनी खिशातून भिंग काढलं आणि शॉकअपचा दांडा तपासायला लागले. मी बत्तीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. लोक रंग बघतात, नाव बघतात. हा माणूस बोटाच्या टोकाने वेल्डिंगची शिवण चाचपत होता. तिसरा संच घेतला. सगळ्यात मऊ टोकावर ठेवून सुरुवात केली.

ते एक वही ठेवू लागले. दर रविवारी पुढच्या चाकांचे किती टक्‌, मागच्यांचे किती, टायरमध्ये हवा किती, आणि शेवटच्या रकान्यात 'हिची पाठ'. दहापैकी किती दुखली ते वहिनींनी सांगायचं. पहिल्या रविवारी पाच. मग चार. आम्ही दोघं पोरांसारखे खूश. मग सहा. मग आम्ही सांध्यांतले रबरी बुश बदलले. पाच. मग वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारी आडवी सळई जरा जाड घातली, म्हणजे स्प्रिंगा आणखी मऊ घेता याव्यात. पुन्हा पाच. मग सीटचा फोम. सहा. मग सात.

"काहीतरी सुटतंय आपल्या हातून," कवळीवाले म्हणायचे. "कवळी टोचते तेव्हा टोचणारी जागा एकच असते, मिस्त्री. केसाएवढी. ती सापडली की माणूस सुखी."

मीही डोकं खाजवत बसायचो. खरं सांगतो, मलाही त्या कामाची चटक लागली होती. गाडी इतकी सुंदर झाली होती! खड्ड्यावरून जाताना ती एक श्वास घ्यायची आणि पुढे जायची.

एका मंगळवारी दुपारी कवळीवाले गाडी घेऊन चाचणीला गेले आणि वहिनी माझ्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. फोन वाजला म्हणून मी आत आलो तर त्या उठत होत्या. आधी टेबलाची कड धरली, मग थांबल्या, मग दुसरा हात गुडघ्यावर, मग पुन्हा थांबल्या. ओठ पांढरे झाले होते. तिथे कुठला खड्डा होता?

मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "गाडीचा काही दोष नाही हो भाऊजी. घरी खुर्चीतही दुखतं. अंथरुणात तर जास्तच."

"मग डॉक्टरांना..."

"दाखवीन की. वयच आहे ते." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "यांना नका सांगू एवढ्यात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडासाठी राबलेत. आता कुठे माझ्यासाठी काहीतरी घडवतायत, बघा ना कसे रंगलेत. हे एवढं काम संपू दे."

मी मान डोलावली. बाहेर गाडी आली. कवळीवाले काच खाली करून ओरडले, "मिस्त्री, लोणी झालीय लोणी!" आणि मी म्हणालो, "मागचं आणखी एक टक्‌ सोडून बघू."

तीन आठवडे मी गप्प बसलो. वहिनींनी शब्द घेतला होता हे खरंच. पण ते काम संपू नये असं मलाही वाटत होतं, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या रविवारी डोंगरावर पोचल्यावर वहिनींना गाडीतून पाय बाहेर काढता येईना. थर्मास तसाच राहिला. कवळीवाल्यांनी तिथूनच गाडी हॉस्पिटलला नेली. एक्स-रे काढले तेव्हा पाठीचे मणके वाळवी लागलेल्या चौकटीसारखे दिसत होते. रोग दुसरीकडे सुरू झालेला, हाडांत उतरला होता, आणि त्यालाही बरेच दिवस झाले होते.

दोन दिवसांनी कवळीवाले वर्कशॉपमध्ये आले. गाडी नव्हती, चालत आले होते. माझ्या समोर उभे राहून म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखतंय? मी म्हणालो, अकरा महिने. ते म्हणाले, मग इतके दिवस काय केलंत? मिस्त्री, मला तोंडच उघडता येईना. काय सांगणार? शॉकअप बदलले?"

मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

उपचार गावाच्या दुसऱ्या टोकाला, रोज जायचं. वहिनींना बसवायचं नाही, आडवंच न्यायचं, असं सांगितलेलं. म्हणजे त्या हिरव्या गाडीचा उपयोग शून्य. अँब्युलन्स आली. अँब्युलन्स म्हणजे काय, सामानाच्या टेम्पोवर पांढरा डबा. खाली स्प्रिंगांच्या जागी लोखंडी पाटे, दीड टन विटा वाहायला केलेले. त्यावर पंचेचाळीस किलोची बाई झोपवली की पाटे वाकतच नाहीत, नुसते उडवतात. पहिल्या दिवशी जाऊन येईपर्यंत वहिनींनी स्वतःचा ओठ चावून रक्त काढलं.

कवळीवाले अँब्युलन्सच्या ड्रायव्हरलाच घेऊन माझ्याकडे आले. अगडबंब माणूस, पण डोळे मऊ. "करा काय करायचं ते," तो म्हणाला. "मालकाशी मी बघून घेतो."

मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. चारही शॉकअप मेलेले होते, ते नवे घातले. पाट्यांमधला गंज काढून ग्रीस भरलं. रबरं बदलली. एखादा पाटा काढून टाकावा असं फार वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत आणखी कुणी आणि बरोबर चार माणसं बसायची, ते धोक्याचं होतं. म्हणून मागे थोडं वजन ठेवलं, म्हणजे पाटे जरा तरी दबतील. कवळीवाल्यांनी घरी बसून वहिनींच्या पाठीचं माप घेतलं, जसं तोंडाचं घेतात तसं, आणि फोमचे तुकडे कापून, घासून, एकावर एक चिकटवून एक गादी घडवली. त्यात वहिनी झोपल्या की कुठेही फट राहत नव्हती.

"आता कसं वाटतं?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"छान," वहिनी म्हणाल्या. कवळीवाल्यांनी आकडा विचारला नाही.

सात दिवस बरे गेले. आठव्या दिवशी हॉस्पिटलच्याच फाटकात, गतिरोधकावरून, ड्रायव्हरने गाडी मुंगीच्या पावलांनी काढली. मागचं चाक हळूच उतरलं. वहिनी "अगं आई" एवढंच म्हणाल्या. मणका खचला होता. त्यानंतर कमरेखाली त्यांना काही कळत नव्हतं. ड्रायव्हर फाटकाच्या भिंतीला टेकून हमसून हमसून रडला आणि कवळीवालेच त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले, "तुमची चूक नाही हो. तुम्ही फार हळू आणलीत."

पाच आठवड्यांनी वहिनी गेल्या. शेवटी शेवटी आवाजही गेला होता. कवळीवाले तोंडाशी कान नेऊन बसायचे आणि नुसता श्वास ऐकायचे.

महिनाभराने मी त्यांच्या घरी गेलो. माझ्या मनात ते सलत होतं, झोप लागत नव्हती, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. आता वाटतं, ते ओझं मी त्यांच्याच डोक्यावर ठेवायला नको होतं. पण सांगितलं. तो मंगळवार, ती खुर्ची, वहिनी काय म्हणाल्या ते.

घरच्या टेबलावरही प्लास्टरची भुकटी होती, ती ते बोटाने एका बाजूला सारत राहिले.

"कुठला मंगळवार?"

मी तारीख सांगितली.

"म्हणजे तीन आठवडे."

"हो."

"मी डॉक्टरांना विचारलं होतं, महिनाभर आधी आणली असती तर? ते म्हणाले, फारसा फरक पडला नसता. आता ते खरं म्हणाले की माझ्या समाधानासाठी, ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"तुम्हाला तिने सांगितलं," ते म्हणाले. "मी तिच्या शेजारी झोपत होतो. मला सांगावंसं वाटलं नाही तिला. मी दर रविवारी वही उघडून बसायचो आणि ती बिचारी आकडा शोधून द्यायची, मी नाराज होऊ नये असा." मग उठून त्यांनी दार उघडलं. रागाने नाही. पाहुण्याला उघडावं तसं. "या, मिस्त्री."

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. एकदा बसस्टॉपवर दिसले, हातात दातांचं खोकं घेऊन. मी स्कूटर थांबवली. त्यांनी मान हलवली आणि बसची पाटी वाचायला लागले, जणू लांबचं दिसत नसावं.

वर्षभराने ती हिरवी गाडी वर्कशॉपमध्ये आली. चालवत होती एक वकीलबाई, नवी मालकीण. "गाडी झकास आहे," ती म्हणाली, "पण कुणी केलंय हे? सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. मला जरा खाली आणि कडक करून द्या. मी महिन्यातून एकदा मैदानावर नेणार आहे."

तिला हवं ते चुकीचं नव्हतं. गाडी तिची होती. अकरा महिन्यांत एकेक करून निवडलेलं सगळं काम मी एका दुपारी उतरवलं. उतरवलेलं सामान मला तिने ठेवून घ्यायला सांगितलं. त्याचं काय करू ते विचारायला मी कवळीवाल्यांना फोन केला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, तेव्हा उचलला, पण मी नाव सांगताच पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शॉकअप अजून चांगले होते, कुणाच्याही गाडीला चालले असते. मी ते कुणाच्या गाडीला घातले नाहीत. आठवडाभर बाकाखाली राहिले, मग भंगारवाला आला तेव्हा त्याच्या पोत्यात टाकले.