पंख्याचा पट्टा

मित्रांनो, जुनी गाडी ठेवावी की विकावी, हे आज तुम्हालाच विचारतो.

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली आमची जीप सकाळी सावली गावाच्या अलीकडे तापून बंद पडली. बैलगाडीला बांधून ती मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री जुन्या ओळखीचा. लांबूनच म्हणाला, "भाऊ, या म्हातारीले अजून किती पळवून राह्यले? विका आता, नवी घ्या."

घरीही सगळे हेच म्हणतात. उद्या गिऱ्हाईक येणार आहे.

त्याने बॉनेट उघडलं. "पंख्याचा पट्टा कुठी आहे?"

नाल्यात पंखा पाणी उडवतो आणि इंजिन भिजतं. म्हणून इकडे आम्ही पट्टा काढून नाला ओलांडतो आणि पलीकडे परत बसवतो. काढलेला पट्टा माझी पत्नी मांडीवर धरून बसायची. पलीकडे पोचलो की माझ्या हातात द्यायची.

आज तो शेजारच्या रिकाम्या सीटवर तसाच पडला होता.

मिस्त्री हसला. "गाडीचा दोष नाई, भाऊ. पट्ट्याबिना इंजिन तापनारच. आज बाई नाई आल्या काय?"

"ती गेली. दोन महिने झाले," मी म्हणालो.

त्याने पट्टा बसवला, पाणी भरलं, गाडी सुरू करून दिली.

येताना नाल्यावर काढलेला पट्टा मी गळ्यात अडकवला, पुन्हा विसरू नये म्हणून.

गाडी थकली म्हणून विकतो, असं सगळ्यांना सांगून बसलो आहे. उद्या त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?