दारातले बूट

फोन आला तेव्हा माझ्या हातात गौरीची वेणी होती. एक घालून झाली होती, दुसरी अर्धी. हॉस्पिटलमधून रेणुकाचा भाऊ बोलत होता. एवढंच म्हणाला, "अक्का, संपलं सगळं... पोरांना स्वल्प सांभाळा, मी येतो." समोर सात वर्षांची पोर पाठमोरी बसलेली, रिबिनीचं टोक दातात धरून. मी ती वेणी पुरी केली. दुसरं काय करणार होते? पेड सारखे सुटत होते. गौरी म्हणाली, "काकू, आई घट्ट घालते." मी वेणी सोडली आणि पुन्हा घट्ट घातली.

येलहंक्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रेणुका पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्यावर. तिचं माहेर इथल्याच शिवाजीनगरचं, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. आमचं बिऱ्हाड पुण्याहून नोकरीपायी आलेलं. तिच्या मराठीत निम्मं कन्नड, माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, त्यामुळे एकमेकींच्या चुका काढायची सोयच नव्हती. पण ही ओळख नंतरची. पहिले काही महिने मी ओळखत होते ते फक्त तिच्या दारातले बूट. मोठे, काळे, आरशासारखे लखलखीत. खालचे गृहस्थ सैन्यात आहेत एवढं वॉचमनने सांगितलं होतं, आणि मी त्या बुटांवरून रोज संध्याकाळी माझ्या नवऱ्याचं डोकं खायची. "बघ, ते सैन्यात असून दिवेलागणीला घरात असतात. तू कुठली सीमा राखतोस रे इंदिरानगरच्या ऑफिसात रात्री दहापर्यंत?"

एकदा गॅसचं सिलिंडर काही केल्या बसेना, तेव्हा मी खाली जाऊन बेल वाजवली. म्हटलं, साहेब घरात असतील तर जरा वर येतील का? रेणुका दारातच हसत सुटली, इतकी की तिला चौकट धरावी लागली. "साहेब? अहो अक्का, साहेब तिकडे बर्फात बसलेत. हे बूट त्यांचे जुने, तळ गेलेले!" मग कडेवर तीन वर्षांच्या चिन्नूला घेऊन स्वतःच वर आली आणि एका झटक्यात सिलिंडर बसवून दिलं. नवऱ्याची नेमणूक उत्तरेला, कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी होती. "बाई एकटी, पोरं लहान," ती म्हणाली, "दारात बूट दिसले की बेल वाजवणारा जपून बोलतो." माझ्यासारखी शहाणी फसली म्हणजे बाकीचे फसणारच.

पोरांना मात्र तिने वेगळं सांगितलं होतं. बूट दारात असले की अप्पा येणारच, कारण त्यांना आपले बूट हवेत ना! म्हणून दर रविवारी जिन्याजवळ वर्तमानपत्र पसरायचं, पॉलिशची डबी उघडायची आणि मायलेकरांनी बूट घासायचे. चिन्नूच्या नाकाला हमखास काळं लागायचं. आणि वर्ष-सहा महिन्यांनी अप्पा खरोखरच यायचे. गौरीच्या दृष्टीने यात शंकेला जागाच नव्हती.

तिने ते घर कसं चालवलं ते मी पाहिलंय. एक पोर स्कूटरवर पुढे उभी, दुसरं पाठीला बांधलेलं, हँडलला भाजीची पिशवी. चिन्नूची हनुवटी फुटून टाके पडले त्या दिवशीही नवऱ्याचा फोन आला तर ही म्हणाली, "स्वल्प लागलंय, सरी होईल, बरं होईल." तिच्याकडे सगळंच स्वल्प, म्हणजे थोडंसंच, असायचं. ताप स्वल्प, पाणी गेलं ते स्वल्प, एकटेपणा तर विचारूच नका. तिकडे नेटवर्क मिळेल तेव्हा तो माणूस दोन शब्द बोलणार, त्यात आपलं रडगाणं कशाला, असा तिचा हिशेब. फक्त एकदा मी तिला मोडलेली पाहिली. गौरीच्या वाढदिवसाला जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी चिन्नूला गमतीने विचारलं, "अप्पा कुठेत रे?" आणि त्याने चार्जिंगला लावलेल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिने सिंकचा नळ पूर्ण सोडला. बराच वेळ तो वाहत होता...

डेंग्यू झाला तेव्हाही तिने नवऱ्याला तेच सांगितलं. मी शेजारीच बसले होते. आवाज खोल गेलेला, डोळे उघडत नव्हते, आणि फोनवर म्हणते, "स्वल्प ताप आहे हो. तुम्ही जेवलात का?" दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं. भावाने त्यांना खरं कळवलं तेव्हा तिकडे हवा बिघडलेली, विमानं बंद. ते पोहोचले तेव्हा फक्त निरोप द्यायचा उरला होता. दाराशी येऊन ते थांबले आणि बुटांकडे बघत राहिले. "हे मी टाकून द्यायला सांगितले होते," म्हणाले. मी त्यांना बुटांची सगळी कथा सांगितली. ते जिन्यावरच बसले. "वहिनी, तिचं 'स्वल्प' मला कधी मोजताच आलं नाही."

दिवसकार्य झालं, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिच्या वापरातल्या वस्तू देऊन टाकायला काढल्या. साड्या निघाल्या, छत्री निघाली, चपला सापडेनात. त्या गौरीच्या दप्तरात होत्या. त्याच संध्याकाळी तिने त्या फडक्याने पुसून दारात, बुटांशेजारी मांडल्या. चिन्नू खालून खेळून आला, चपला पाहिल्या आणि "आई!" करत आत धावला. स्वयंपाकघर पाहिलं, गॅलरी पाहिली, बाथरूमचं दार ढकललं, मग परत येऊन आमच्या तोंडाकडे बघू लागला. बापाने चपला उचलून आत नेल्या. गौरीने त्या परत आणून ठेवल्या. म्हणाली, "तुमचे बूट ठेवले होते म्हणून तुम्ही आलात ना?"

तो माणूस वाकला आणि त्याने त्या चपला बुटांशेजारी सरळ करून ठेवल्या.

या रविवारी मी भाजी घेऊन जिना चढत होते. वर्तमानपत्र पसरलेलं होतं, डबी उघडी होती. चिन्नू बापाच्या बुटात गुडघ्यापर्यंत पाय घालून बसला होता. त्यांची सुट्टी किती उरली आहे, बदली इकडे मिळेल का, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी त्यांना विचारत नाही. त्यांच्या मांडीवर रेणुकाची तपकिरी चप्पल होती, डावी, अंगठ्याजवळ जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. ते ब्रश अगदी जोर लावून फिरवत होते, परेडला जायचं असावं तसे. गौरीने त्यांचा हात धरला.

"अप्पा, तिथे स्वल्प हळू," ती म्हणाली. "तो टाका आईने घातलाय."