रांगेचे वस्तुचित्र

एक डोळा मिटायचा, हात ताठ पुढे करायचा, मुठीतल्या पेन्सिलीवर अंगठा सरकवायचा आणि समोरच्याचे माप घ्यायचे, ही आमच्या चित्रकलेच्या सरांची सवय. तुमच्यापैकी कोणी ती पाहिली असेल तर ती उर्मटपणाची वाटली असेल. सर मुख्याध्यापकांचेही माप असेच घेत, तेही ते बोलत असताना. मग हात खाली घेऊन म्हणत, "आधी बघा. मत मागून सांगा."

बी.एस्सी., बी.एड. होऊन मी उदगीरच्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले ते वर्ष दुष्काळाचे होते. पुढे एम.एस्सी. करून नांदेडला कॉलेजात जायचे हे माझे ठरलेले होते, त्यामुळे इथे कोणात गुंतायचे नाही असाही बेत होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, नव्या पाट्या रंगत होत्या आणि विहिरींचे तळ दिसत होते. "जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच," सर म्हणत. "निस्ता शिक्का बदलून राहिलेत."

प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला पाणी नव्हते, म्हणून माझे तास चित्रकलेच्या खोलीत भरू लागले. मधल्या सुट्टीत सर वस्तुचित्रासाठी मांडणी करत. ग्रेड परीक्षेला पितळी कळशी, मागे घड्या पाडलेले कापड आणि दोन फळे, अशी मांडणी ठरलेली असे. सर ती मांडत, आणि मांडताना चिडत. फळे आणायची कुठून, हा प्रश्न होताच. पण चीड त्याहून जुनी होती.

मी एकदा म्हटले, की मडकी आणि फळे काढणे हा फावल्या वेळचा उद्योग वाटतो. सरांनी माझेही माप घेतले. मग सांगू लागले. इजिप्तच्या थडग्यांत मेलेल्या राजाला अन्न पुरत राहावे म्हणून भिंतीवर भाकरी आणि बदके काढली जात. रोमन घरांच्या भिंतींवर अंजिरे असत आणि पाण्याने भरलेला काचेचा पेला असे. हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी चांदीची ताटे आणि अर्धे सोललेले लिंबू काढून घेतले, आणि शेजारी एक कवटी ठेवायला लावली, म्हणजे श्रीमंतीही दिसावी आणि वैराग्यही.

"आणि फ्रान्सच्या अकादमीनं चित्रांच्याबी जाती पाडल्या, बाई. वर देव, राजे, लढाया. मग माणसं. मग झाडं, जनावरं. सगळ्यात खाली ही भांडीकुंडी. का, तर ह्याला म्हणं डोकं लागत न्हाई."

हे ठरवले कोणी, असे मी विचारले.

"ज्यांच्या घरची भांडी दुसरं कुणी घासतंय त्यांनी."

सर लोह्याकडचे, मी उदगीरचीच. त्या शाळेच्या शिक्षकांत बौद्ध घरांतून आलेले आम्ही दोघेच होतो. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झाले ते याशिवाय कळणार नाही.

चित्रकलेच्या खोलीची खिडकी मागच्या मोकळ्या जागेवर उघडत असे. टँकर तिथे थांबायचा. एका बाजूला वरची गल्ली, दुसऱ्या बाजूला आमची वस्ती. टँकर कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून लोक आपल्या जागी एकेक वस्तू ठेवून कामाला जात. चांगली घागर कोण ठेवील? फुटके मडके, तेलाचा पत्र्याचा डबा, वीट, दगडाखाली दाबलेली चप्पल. ती वस्तू म्हणजे ते माणूस. टँकर आला की घरून घागरी आणायच्या आणि आपल्या वस्तूमागे उभे राहायचे. त्या रांगेला कोणी हात लावायचा नाही, एवढे सगळ्यांना मान्य होते.

एकदा टँकर बरेच दिवस आलाच नाही. रांग तशीच उन्हात पडून राहिली. सरांनी हार्डबोर्ड खिडकीशी लावला आणि तैलरंगात ती रांग काढायला घेतली. माणूस एकही नाही. सगळ्यात पुढे सरूबाईचा डबा, कारण पहाटे सगळ्यांआधी येऊन तो तिने ठेवला होता. सरूबाई आमच्या वस्तीतली, खडी फोडायला जाणारी. डब्याच्या अंगावरची चीर सरांनी इतकी मन लावून काढली, की मी शेवटी उभी राहून बघू लागले.

टँकर आला तेव्हा आमच्या वस्तीच्या सगळ्या वस्तू रांगेच्या शेपटाला गेलेल्या होत्या. गलका ऐकून मी खाली धावले. वरच्या गल्लीतले नगरसेवक टँकरच्या पायरीवर उभे होते.

"वारं किती सुटलंय बघून राहिलात न्हवं? गेलं असंल इकडचं तिकडं."

"वारं काय जात इचारून वाहतंय का, मालक?" सरूबाई म्हणाली.

वीट उडवण्याइतका वारा सुटला असता तर आधी शाळेचे पत्रे गेले असते. आणि कोणताही वारा निवडक वस्तू उचलून त्या मागे नेऊन सरळ ओळीत मांडत नाही. मी हे बोलले. माझे कोणी ऐकले नाही. तेवढ्यात सर जिन्यावरून ओला हार्डबोर्ड सांभाळत उतरले आणि त्यांनी तो टँकरच्या चाकाला टेकवला.

"आधी बघा," एवढेच म्हणाले.

लोक वाकून बघू लागले. वरच्या गल्लीतला एक म्हातारा पार शेवटाशी बोट नेऊन हरखून म्हणाला, "आरं, ही तर माझी चप्पल! अंगठासुदिक बरोबर हाय!" ती चप्पल त्या क्षणी रांगेत पुढून तिसरी होती. आधी वस्ती हसली, मग गल्लीही हसली, आणि शेवटी म्हाताऱ्यालाही हसावे लागले. चित्रात बघून एकेक वस्तू जागेवर गेली. त्या दिवशी पहिली घागर सरूबाईची भरली.

"मास्तर, लेकरांना फुलं काढायला शिकवा," नगरसेवक जाताना म्हणाले. सरांनी डोळा मिटून त्यांचे माप घेतले.

नव्या जिल्ह्याच्या वर्धापनदिनाला लातूरला प्रदर्शन होते. शाळेतर्फे एक चित्र जायचे होते. सरांनी हेच दिले. मुख्याध्यापक भडकले. नव्या जिल्ह्याला भेट म्हणून तुटकी चप्पल पाठवायची का, कलेक्टर काय म्हणतील, असे बरेच बोलले. मग म्हणाले, "तुम्हा लोकांना रडगाण्याशिवाय काही सुचतच नाही."

मी तिथेच उभी होते. "तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला, हे समजायला मला विज्ञानाची पदवी लागली नाही.

"नीट बघितलंत का, साहेब?" सर शांतपणे म्हणाले. "ह्यात कोण रडून राहिलंय?"

डब्यांच्या जागी भरलेले कलश करा, असा उपाय मुख्याध्यापकांनी सुचवला. सरांनी नाही म्हटले. पुढच्या आठवड्यात आई आजारी म्हणून ते लोह्याला गेले, आणि तेवढ्यात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरला बोलावून मुख्याध्यापकांनी काम उरकून घेतले. प्रत्येक वस्तूवर एक पिवळाधमक कलश, आंब्याची पाने आणि नारळ.

लातूरच्या मंडपात आम्ही ते प्रथम पाहिले. खाली चिठ्ठी: "मंगल कलश", आणि सरांचे नाव. त्याला प्रोत्साहनपर पारितोषिक मिळाले होते. सर मंचावर गेले, बक्षिसाला हात न लावता माइकशी उभे राहिले आणि म्हणाले, "हे चित्र माझं न्हाई. माझं चित्र ह्याच्या खाली हाय." निवेदकाने तो कलावंताचा विनय समजून टाळ्या मागितल्या. लोकांनी त्या दिल्या. संताप इतका निरुपयोगी होऊ शकतो, हे मला त्या टाळ्यांनी शिकवले.

महिनाभरात सरांची बदली संस्थेच्या लोह्याच्या शाळेत झाली. तिथे चित्रकलेची खोली नव्हती. "तुमच्या गावाकडंच देऊन राहिलो की," असे मुख्याध्यापक म्हणाले, आणि वर आभाराची अपेक्षा करून थांबले. सर ब्रश गुंडाळून गेले. खिडकीपाशी संस्थेच्या खुर्च्या रचल्या गेल्या.

मी मुख्याध्यापकांना सांगितले की वरचा थर अजून कच्चा आहे. टर्पेंटाइनने जपून उतरवला तर मूळ चित्र वाचेल, मी स्वतः उतरवते.

"आणि बक्षीस? तेबी उतरवणार का?"

चित्राला चौकट झाली आणि ते त्यांच्या खुर्चीमागे लागले.

शाळा सुरू होताना सरूबाई नातीचे नाव घालायला आली. मी तिच्या अर्जासाठी सोबत होते. मुख्याध्यापकांनी जन्मतारीख विचारली. सरूबाई भिंतीकडे बघत होती. ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे गेली आणि चित्राच्या शेवटापासून एकेका नारळावर बोट ठेवत पुढे सरकू लागली.

"हितं चप्पल. हितं धुरपदाचं मडकं. ही वीट, आमच्या जावंची." पहिल्या कलशाशी ती थांबली. "अन् ह्याच्याखाली माझा डबा."

मुख्याध्यापकांनी पुन्हा जन्मतारीख विचारली, मग आवाज चढवून विचारली. सरूबाईने बोट उचलले नाही.