तळघराची कारभारीण

ओसाकातल्या त्या संशोधन संस्थेत चैत्रालीला कशाची भीती वाटावी, असं वरवर बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. पुण्यात पीएच.डी. करून ती पोस्टडॉक म्हणून आलेली, प्रोफेसर मोरिमोतो तिच्या कामावर खूश, जपानी बोलणंही बऱ्यापैकी जमू लागलेलं. नवरा, निहार, योकोहामाला सॉफ्टवेअरमध्ये. सुट्टीला कधी तो यायचा, कधी ती जायची. पण यंदाच्या वसंतापासून लिफ्टमध्ये तळघराचं बटण दाबण्याआधी ती दोनदा थांबायची.

तळघरात द्रव नायट्रोजनच्या टाक्यांची खोली होती. साऱ्या विभागाचे पेशींचे नमुने तिथे गोठवून ठेवलेले. त्या खोलीचं सगळं बघणाऱ्या ओकुदा-सान निवृत्त होणार होत्या, आणि विभागाच्या बैठकीत ती जबाबदारी चैत्रालीच्या गळ्यात पडली. बाकी कुणाला ती नको होती, आणि ‘नको’ म्हणण्याइतकं तिचं जपानी अजून तयार झालं नव्हतं.

जाण्याआधी ओकुदा-सान तिला खाली घेऊन गेल्या. दारावरच्या छोट्या काचेतून आत बोट दाखवत म्हणाल्या, “या वायूला वास नाही, रंग नाही. खोकला येत नाही, घुसमटल्यासारखं वाटत नाही. टाकी गळली की तो खोलीतल्या प्राणवायूची जागा घेतो. माणूस आत जातो, दोन श्वास घेतो आणि खाली बसतो. त्याला काढायला दुसरा जातो, तो त्याच्या अंगावर पडतो. म्हणून अलार्म वाजला की कुणीही आत जायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही.” आणि त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. एरवी कार्डानं उघडणारं ते दार अलार्म वाजला की बाहेरून फक्त या किल्लीनं उघडायचं.

या पदाचं नाव होतं कानरी सेकिनिन्शा. सेकिनिन्शा म्हणजे जबाबदार माणूस, एवढं तिला ठाऊक होतं. कानरी हा शब्दही रोज कानावर पडायचा, पण दर वेळी निराळा होऊन. कचरा चुकीच्या पिशवीत टाकला की दारात येऊन उभे राहणारे तिच्या इमारतीचे केअरटेकर आजोबा म्हणजे कानरीनिन-सान. भाड्यावर दरमहा लागणारा मेंटेनन्स म्हणजे ‘कानरी-ही’, त्यातला ‘ही’ म्हणजे खर्च. ती तापानं आजारी पडली तेव्हा प्रोफेसर म्हणाले होते, तब्येतीची कानरी नीट करा. त्यात काळजी किती आणि ठपका किती, हे तिला आजतागायत उमगलं नव्हतं. आणि व्हिसा वाढवायला जीव मुठीत धरून जायचं, त्या कचेरीच्या पाटीवरही तोच शब्द.

आईला, शैलजाताईंना, तिनं फोनवर हे सांगितलं. “मग सरळ कारभार म्हण की,” त्या हसल्या. “कारभारीण झालीस तू!”

मागून बाबा म्हणाले, “महापालिकेसारखा कारभार करू नकोस म्हणजे झालं.”

“माझी आजी आजोबांना कारभारी म्हणायची,” आई म्हणाली. “त्यांच्यावाचून घरातलं पान हलायचं नाही, आणि त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.”

चैत्राली हसली खरी. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, आपलं नेमकं उलटं आहे. सगळी पानं आपल्यावाचून हलतात, आणि बोलायची छाती नाही ती आपलीच.

जूनमधल्या एका पावसाळी दुपारी अलार्म वाजला. ती जिन्यानं धावत खाली आली. दाराबाहेरच्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा लाल झाला होता आणि खाली खाली चालला होता. पंख्याचं बटण तिनं दाबलं. पंखा घरघरला, आकडा घसरतच राहिला. काचेपलीकडे पांढरं धुकं दाटलं होतं. जमीन दिसत नव्हती. तिनं अग्निशमन दलाच्या ११९ नंबरला फोन लावला, पत्ता सांगितला, आणि तेवढ्यात तिची नजर खाली गेली.

दाराशी निळे बूट होते. अंबरीषचे.

अंबरीष म्हणजे विभागातला दुसरा मराठी पोस्टडॉक. आत जाताना सगळेच बूट बाहेर काढून संस्थेचे बूट घालत. तिनं त्याचा मोबाइल लावला. रिंग वाजत राहिली. तिनं काचेवर मुठी आपटल्या. “अंबरीष! अंबरीष!” आतून काही नाही.

प्रोफेसर मोरिमोतो धापा टाकत आले. “हा सेन्सर जुना आहे, एप्रिलमध्येही उगाच वाजला होता. टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल. दार उघडा.”

“सेन्सेई, आत जाता येणार नाही.”

“रुग्णांचे नमुने आहेत, चैत्राली-सान. पुन्हा मिळणार नाहीत. कानरी म्हणजे ते जपणं. त्याचसाठी तुम्हाला नेमलंय.”

“अंबरीष-सान आत असतील,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

त्यांनी बुटांकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. “मग तर उघडायलाच हवं!” त्यांनी हात पुढे केला.

तिला उघडायचंच होतं. दार इतकं जवळ होतं, आणि तो कदाचित दारापाशीच पडलेला असेल. हात घालून ओढता येईल. किल्ली मुठीत रुतत होती. दोन श्वास, ओकुदा-सान म्हणाल्या होत्या. तिनं हात पाठीमागे नेला आणि दाराला टेकून उभी राहिली.

“नाही, सेन्सेई. तुम्ही नाही, मी नाही.”

प्रोफेसर ओरडले. तीन वर्षांत त्यांचा चढा आवाज तिनं ऐकला नव्हता. पुढच्या वर्षीचं तिचं काँट्रॅक्ट त्यांच्या सहीवर होतं, हेही त्या क्षणी तिच्या डोक्यात येऊन गेलं, आणि त्याची तिला मागाहून लाज वाटली. ती रडत होती, पण हलली नाही.

अग्निशमन दलाची माणसं पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क लावून आली. तिनं किल्ली त्यांच्याकडे दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. बाहेर काढतील ते बघायचं नव्हतं.

“आत कोणी नाही,” आवाज आला.

तिला ते कळायला वेळ लागला. तोवर जिन्यावरून अंबरीषच उतरत आला, पायात लॅबमधल्या सँडल, हातात कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानाची पिशवी. पावसात भिजलेले बूट त्यानं दाराशेजारच्या फ्रीजरच्या गरम हवेपाशी वाळत ठेवले होते, आणि मोबाइल वर टेबलावर राहिला होता. “काय कारभार चाललाय हा?” त्यानं मराठीत विचारलं. चैत्राली जमिनीवर बसली ती तिला उठवेना.

नळीचा सांधा फुटला होता. दलाच्या प्रमुखानं हातातलं मापकयंत्र प्रोफेसरांना दाखवलं. जमिनीलगत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. प्रोफेसरांनी तो आकडा दोनदा वाचला. एका टाकीतले नमुने गेले. प्रोफेसर त्याबद्दल तिला काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. काँट्रॅक्टवर सही मात्र झाली.

तिनं ती जबाबदारी सोडायची इच्छा कळवली होती. दुसरं कुणी पुढे आलं नाही, म्हणून अजून तीच बघते.

अलार्म वाजला त्याच आठवड्यात अंबरीषच्या बायकोनं, नंदिनीनं, तिला मुद्दाम जेवायला बोलावलं. अंबरीष भांडी घासत होता. नंदिनीनं हलक्या आवाजात विचारलं, “तो आत आहे असंच तुला वाटत होतं ना?”

“हो.”

“तरी नाही उघडलंस.”

“नाही.”

“मी तिथे असते, तुझ्या पाया पडले असते, तर?”

चैत्रालीला खोटं बोलता आलं असतं. “तरी नसतं उघडलं,” ती म्हणाली.

नंदिनीनं तिच्या ताटात भात वाढला, वरण वाढलं. मग स्वतःचं ताट घेऊन ती शेजारी बसली आणि दोघी जेवल्या.