रंगखात्यातला चहा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता पेणच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट वाचला. माझ्या नवऱ्याच्या मूत्राशयात कॅन्सर होता. आम्ही एसटीने रोह्याला आलो आणि पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात घरी गेलो.

हे लिहिते आहे ते रंगाच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला हे आधी कळायला हवं होतं.

सदाशिव, माझे यजमान, अठरा वर्षं रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत, रंगखात्यात होते. पिंपातली भुकटी फावड्याने काढून टाकीत टाकायची, हे त्यांचं काम. घरी यायचे तेव्हा बनियन पिवळं, नखं पिवळी. उशीचा अभ्राही पिवळा व्हायचा. लघवीसुद्धा रंगायची, कधी नारिंगी, कधी लालसर. खात्यात त्याची थट्टा चाले. नव्या माणसाची लघवी पहिल्यांदा रंगली की त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मग तो खात्याचा झाला. आपण पाजलेल्या चहाची गोष्ट सदाशिवांनी मला लग्नानंतर सांगितली, तेव्हा मी हसले होते.

म्हणून लाल लघवी होऊ लागली तेव्हा कुणीच घाबरलं नाही. दुखत नव्हतं. चार दिवस व्हायची, मग महिनाभर काही नाही. संडास धुताना मी तो लाल ओघळ पाहिला आणि त्यांनाच बोलले, "अहो, पाणी तरी नीट ओतत जा."

"कंपनीचा रंग तो. पाण्याला भीक घालतो का?" ते म्हणाले.

बॉयलरच्या दुरुस्तीसाठी कंपनी आठ दिवस बंद होती. सातव्या दिवशीही ओघळ लालच होता. सात दिवस ज्या माणसाने भुकटीला हात लावला नाही, त्याच्या अंगातून कसला रंग येतो? मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली असंल गो. धन्याचं पाणी दे." ते मी पंधरा दिवस दिलं. ते पंधरा दिवस मी स्वतःला माफ केलेले नाहीत.

मग त्यांना दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी झाली. मग सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं. तिथलाच तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. पेणला दवाखान्याबाहेर रिपोर्टसाठी थांबलो होतो त्या बाकासमोर गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. एक कारागीर मूर्तीचा पिवळा पीतांबर रंगवत होता. सदाशिव बराच वेळ त्याचे हात बघत राहिले. म्हणाले, "ह्याचा तरी धुतल्यावर जात असेल."

रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काम कुठे करता?" आजवर कुणी तो विचारला नव्हता. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रंगाच्या कच्च्या मालात ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं असतात. ती श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातात आणि लघवीतून बाहेर पडतात. पण लघवी मूत्राशयात तासन् तास साठते, आणि तेवढा वेळ ती तिथल्या पेशींना लागून राहतात. त्यातली काही म्यूटाजेन असतात, म्हणजे पेशीच्या जनुकांत बदल घडवणारी. गाठ व्हायला वीस वर्षंही लागतात.

म्यूटाजेन. उत्परिवर्तक. ही व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. दोन गुणांचा प्रश्न. उदाहरण म्हणून क्ष-किरण सांगायचे. समोर बसलेल्या निम्म्या मुलांचे बाप त्याच भुकटीत काम करत होते आणि मी क्ष-किरण सांगत होते.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी कंपनीत गेले. साहेब सभ्यपणे बोलले. आधी विचारलं, "तंबाखू खातात का?" मी नाही म्हणाले. "आम्ही प्रत्येक शिफ्टला गूळ देतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाई, सगळं रसायनांवर ढकलू नका. निसर्गातही अशी विषं असतात. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातसुद्धा कॅन्सर करणारं विष असतं."

हे खरं आहे. मी शिकवते. मी म्हणाले, "साहेब, शेंगदाणा कडू लागला तर आम्ही थुंकतो. वालाला बुरशी लागली तर निवडून टाकतो. तुमच्या पिंपावर काय लिहिलं होतं?"

पिंपावर फक्त नंबर होता. अठरा वर्षं नंबर, आणि विषावर उतारा म्हणून गुळाचा खडा. साहेबांनी घड्याळ बघितलं.

मुंबईला ऑपरेशन झालं. मूत्राशय काढलं, पोटावर पिशवी आली. ती बदलायला मी शिकले. आठवड्याभरात जमतं, घाबरू नका. पण गाठ आधीच फुफ्फुसात पोचली होती. अकरा महिन्यांनी सदाशिव गेले.

तेराव्याला त्यांच्या खात्यातले गजाननभाऊजी आले होते. ते मागच्या दारी लघवीला गेले आणि मी पाणी ओतायला गेले, तर फरशीवर तोच ओघळ. मी सगळ्यांसमोर त्यांना अडवलं.

"रंग हाय तो वहिनी," ते ओशाळून म्हणाले. "आमच्यात सगळ्यांचाच येतो. तुम्हाला म्हाईत नाय व्हय?"

"हे पण हेच म्हणायचे."

"आता मानसं जेवायला बसलीत…"

"ह्यांच्याच तेराव्याला बसलीत ना? उद्या तुमच्या बसतील."

सासूबाई म्हणाल्या, "ऐक रं गजा तिचं. मी धन्याचं पाणी द्याया लावलं." आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गजाननभाऊजींना पेणला घेऊन गेले. गाठ लहान होती, दुर्बिणीतूनच काढली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पेणच्या डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी तो पहिला प्रश्न विचारला.

तुम्ही रंगखात्यात असाल तर लघवी लाल होण्याची वाट बघू नका. डोळ्यांना न दिसणारं रक्तही असतं. तपासून घ्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काम काय करता ते सांगा.

गजाननभाऊजी म्हणतात, खात्यात आता चहाची पद्धत बंद झाली आहे. गूळ अजून देतात. पिंपावर नंबरच आहे. मी दहावीला तो धडा शिकवते आणि क्ष-किरणांच्या आधी पिंपाचं उदाहरण देते. सदाशिवांच्या उशीचा अभ्रा कितीदा धुतला, पिवळाच आहे.