कोडकाकांचा चार वाजताचा फोन

कोडकाकांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, देश राहत, तेही टेलिफोनच्या कोडने. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता. त्या जिन्यात भेटल्या की काका म्हणत, "या एकसष्ट, या!" मागच्या गल्लीतले एक गृहस्थ लंडनच्या मुलीमुळे कायमचे 'चव्वेचाळीस' झाले होते. मी दिल्लीत मुनिरक्यात खोली घेतली त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. सामान चढवताना माझी दमछाक चालली होती, आणि हे वरच्या पायरीवर उभे राहून विचारतात, "परदेशात कोण आहे तुझं?" मी म्हटलं, कोणी नाही, सगळे पुण्यात आहेत. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच अपराध्यासारखं वाटलं. मग स्वतःची समजूत घालत म्हणाले, "असू दे. पुणं म्हणजे वेगळं राष्ट्रच आहे म्हणा." तेव्हापासून मी 'पुणेकरीण'. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, देव जाणे.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परदेशी ट्रंक कॉल जोडून देण्यात घालवली होती. ते बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. गाव रेवदंड्याजवळ. लग्न राहूनच गेलेलं. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, हे एकटे मुनिरक्यात, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. मी एकदा अगदी आगाऊपणे विचारलं, "काका, तुम्ही का नाही गेलात?" म्हणाले, "सगळं गाव विमानात बसलं तेव्हा मी ड्यूटीवर होतो. आणि काय गं, सगळेच तिकडे गेले तर इकडून फोन कोण लावणार?"

फोन लावणं हे त्यांचं काम होतं, व्यसन होतं आणि रिटायर झाल्यावरची समाजसेवाही होती. मी गुडगावच्या एका आयटी कंपनीत. त्यामुळे पहिल्याच महिन्यात मी त्यांना अक्कल शिकवायला गेले की काका, आता इंटरनेटवरून जगात कुठेही फुकट बोलता येतं, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात यार! ते शांतपणे म्हणाले, "फुकट आहे, बिल्कुल फुकट. पण त्याला पलीकडे स्मार्टफोन लागतो आणि तो उचलता येणारं माणूस लागतं. ज्यांच्याकडे साधा घरचा फोन आहे, त्यांनी काय कबुतर पाठवायचं?" त्यांच्या मोबाईलवर चार वेगवेगळी ॲप्स होती. आधी थोडे पैसे भरायचे आणि मग त्यातून परदेशातल्या साध्या फोनवर बोलायचं, अशातली. रोज सकाळी ते चारही तपासत. कतारला आज कुठलं चांगलं, कॅनडाला कुठलं, सगळं तोंडपाठ. मी सगळ्यात कमी दराचं दाखवलं तर नाक मुरडून म्हणाले, "कमी पैशात लागतो तो स्वस्त नव्हे. ज्यात तेच वाक्य दोनदा बोलावं लागत नाही, तो स्वस्त."

लोक त्यांच्याकडे येत ते आपलं पोर कुठेतरी लांब आहे म्हणून, आणि जाताना बोलणी खाऊन जात. फोनवर कोणी ओरडलं की काका खेकसत, "समुद्र मध्ये आहे म्हणून ओरडायचं नसतं! ते आमचं खातं बघून घेतं." खातं सोडून त्यांना जमाना झाला होता, तरी ते 'आमचं'च. तळमजल्यावर एक नेपाळी बाई राहायची, तिचा नवरा दोह्याच्या एका बांधकामावर. त्यांच्या कॅम्पात इंटरनेट धड नसायचं, म्हणून ती काकांकडे यायची आणि नवऱ्याशी कडाकडा भांडायची. मी म्हटलं, काका, भांडायला कशाला चांगली लाइन वाया घालवता? तर म्हणाले, "भांडायलाच चांगली लाइन लागते. अर्धवट ऐकू आलेलं भांडण मिटत नाही." आणि खरंच, ती बाई रडत यायची आणि हसत उतरायची.

पण दुपारी चार वाजता काकांचं दार बंद. एकसष्ट असोत की चव्वेचाळीस, कोणालाही प्रवेश नाही. ती वेळ त्यांच्या थोरल्या बहिणीची, राहेलताईंची. त्या लग्न होऊन इस्राएलला गेल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झालेली. नवरा गेला, मग त्या एका वृद्धाश्रमात राहायला लागल्या आणि हळूहळू त्यांना विस्मरण सुरू झालं. आधी कालचं विसरल्या, मग माणसं विसरल्या, आणि मग पन्नास वर्षं बोललेली हिब्रू भाषासुद्धा पुसली गेली. उरली ती लहानपणची मराठी. आजूबाजूला तर मराठीचा एक शब्द कळणारं कोणी नाही. ताईंची नात जीव लावणारी होती, पण तिला हिब्रू आणि इंग्रजी. व्हिडिओ कॉल करून पाहिला तर ताई घाबरल्या, "ह्याला ह्या डबीत कोणी कोंडलं?" म्हणून रडायला लागल्या. तेव्हा आश्रमाच्या जेवणघरातला साधा फोन आणि काकांचा आवाज, एवढाच काय तो मार्ग. इकडचे चार म्हणजे तिकडची जेवणाची वेळ. फोन लागला की ताई जेवत. ज्या दिवशी लागला नाही, त्या दिवशी ताट तसंच परत जाई. स्वस्त फोनच्या मागे काका एवढे हात धुऊन का लागले होते, ते मला तेव्हा कळलं. महिन्यातून एकदा बोलायचं असतं तर कुठलाही दर चालला असता. ह्यांना रोज, अर्धा अर्धा तास बोलायचं होतं, तेही पेन्शनीत.

माझं आठवड्यातले तीन दिवस घरून काम असायचं. एकदा चारच्या आधीच काकांनी वरून हाक मारली, "पुणेकरीण, वर ये, तुझं इंग्रजी घेऊन ये!" ताईंनी दोन दिवस फोनपाशी यायलाच नकार दिला होता. जेवण बंद. जेवणघरात न्यायला लागलं की पलंगाची कड घट्ट धरून ठेवत आणि रागारागाने काहीतरी बोलत. नातीने ते बोलणं मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं होतं, त्यातून काही निष्पन्न झालं नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, पोटात दुखत असणार, तपासण्या करू. मी नातीला इंग्रजीतून म्हटलं, लांब वायरचा फोन असेल तर तो ताईंच्या खोलीत नेऊन कानाला लावा. तिने तसं केलं. काकांनी एवढंच विचारलं, "ताई, काय झालं गं?" पलीकडून स्फोट झाला. "अरे, लाज नाही का ह्यांना? झग्यावर चार माणसांत जेवायला नेतात मला! माझी लुगडी कुठे ठेवलीत ती विचार!" काकांनी कपाळावर हात मारला. धुवायला सोयीचं म्हणून आश्रमाने त्यांची पातळं कपाटात बंद करून त्यांना गाऊन दिला होता. मी नातीला सांगितलं, साडी नेसवा. तिला नेसवता येईना, मग मी व्हिडिओवर स्वतः नेसून दाखवली, ऑफिसच्या मीटिंगला सरळ दांडी मारून. पाऊण तासाने ताई जेवायला बसल्या. काका मला म्हणाले, "बघ. पोटात काही नव्हतं. अंगावर काही नव्हतं." आणि डोळे पुसत मोठ्याने हसले.

पुढे काकांचंच हृदय कुरकुरायला लागलं. ऑपरेशन ठरलं. त्यांना स्वतःची काळजी शून्य, चार वाजताची पुरेपूर. "आठवडाभर तू करायचा फोन," असं त्यांनी मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आणि माझं ट्रेनिंग सुरू झालं. पहिला नियम म्हणजे 'कशा आहात' विचारायचं नाही. "म्हाताऱ्या माणसाला रोज कशी आहेस विचारलं की त्याला वाटतं, आपल्याला काहीतरी झालंय. खबर काढायची नाही, खबर द्यायची. काय शिजवलंस ते सांग, कोणाशी भांडलीस ते सांग." मी म्हटलं, मी कोणाशी भांडत नाही. ते म्हणाले, "खोटं बोलू नकोस, घरमालकाचा आवाज मला वर ऐकू येतो."

माझा पहिला फोन साफ फसला. मी आपली नम्रपणे, "नमस्कार ताई, मी काकांच्या शेजारी राहते, आपलं जेवण झालं का?" मग राहेलताई कोणाला तरी म्हणाल्या, "ही शाळेतली बाई कशाला आली?" आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला. त्या दिवशी ताट परत गेलं. मी हॉस्पिटलात जाऊन काकांसमोर अक्षरशः रडकुंडीला आले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हा माणूस मला धीर देत होता! "तू इंटरव्ह्यू देतेस काय गं? घरात बोलतेस तशी बोल." दुसऱ्या दिवशी ते आत होते आणि मी बाहेरच्या बाकावर मोबाईल घेऊन बसले होते. चार वाजले. मी म्हटलं, "ताई, आज आमच्या घरमालकाने पाणी सोडलंच नाही, असा नालायक माणूस आहे मेला!" पलीकडून तत्काळ उत्तर आलं, "भाडं देऊ नको त्याला." सुटले! ताईंनी माझ्या घरमालकाला वीस मिनिटं शिव्या दिल्या आणि पोटभर जेवल्या. मी ही बातमी काकांना द्यायला निघाले, तर त्यांना अतिदक्षता विभागात हलवलेलं. चार दिवस ते तिथे होते. शुद्ध आली तेव्हा मी ती बातमी दिली. ते फक्त म्हणाले, "लाइन कशी होती?" मी म्हटलं, एकदम क्लिअर. त्यांनी मान हलवली. पाचव्या दिवशी सकाळी काका गेले.

माझ्या वडिलांच्या वेळी मी इतकी रडले नव्हते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यू लोकांत दफनाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि दिल्लीत त्यांची वस्ती मूठभर. मी काकांच्या डायरीतले नंबर घेतले आणि सकाळपासून फोन लावत बसले. दहा जमले. एक जण तर नोएडाहून ताप अंगावर घेऊन आला, म्हणाला, "अंकलने माझ्या आईशी दोन वर्षं बोलणं करून दिलंय." मूठभर माती टाकायला नेपाळी बाईही होती, एकसष्ट होत्या, चव्वेचाळीसही होते.

नातीचा फोन आला. तीही रडत होती. म्हणाली, आजीला सांगू नका, डॉक्टर नको म्हणताहेत, काका गावाला गेलेत म्हणा. मला पटलं. मी तसं तीन दिवस निभावलं, म्हणजे ताईंनी विचारलंच नाही आणि मीही विषय काढला नाही. घरमालक मदतीला होताच. चौथ्या दिवशी चार वाजता मी त्याची नवी कागाळी सुरू केली, तर त्यांनी मला मध्येच तोडलं.

"ए पोरी. माझा भाऊ मेला का?"

गावाला गेलेत हे शब्द तयार होते. पण ह्या बाईला सगळ्या जगात आता एकच भाषा कळत होती, आणि तिच्याशी ती बोलणारी मी एकटी उरले होते. मीच खोटं बोलले तर तिने खरं विचारायचं कोणाला?

"हो ताई. मागच्या आठवड्यात."

जेवणघरातली भांडी तेवढी वाजत होती. आता ताट परत जाणार, आजही जाणार आणि उद्याही.

"मातीला दहा माणसं होती का?"

"होती ताई. दहा होती, आणि बाकीचे कितीतरी होते. मी होते."

"त्रास झाला का त्याला?"

"झोपेत गेले."

मग राहेलताई रडल्या. मोठ्याने, लहान मुलीसारख्या. त्यांना सांभाळणारी फिलिपिनो बाई घाबरून रिसीव्हरमध्ये इंग्रजीत विचारू लागली, काय झालं, कुठे दुखतंय, डॉक्टरला बोलावू का? मी तिला सांगितलं, कुठेही दुखत नाहीये, त्यांचा भाऊ गेलाय, त्यांना रडू दे. तिने रिसीव्हर परत ताईंच्या कानाशी धरला. पाच-सात मिनिटं गेली असतील. मी फोन धरून होते.

"पोरी, आहेस का गं?"

"आहे ना."

"त्या मुलीला सांग, माझं ताट आण म्हणावं. थंड झालं असेल तर गरम करून आण म्हणावं."

मी सांगितलं. ताट आलं. ताई म्हणाल्या, "हं, बोल आता." आणि मी बोलत राहिले.