जोडीवाचून उरलेला दाणा

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो, आणि तो दिग्दर्शक तर पहिल्या दिवसापासून मला ताई ताई करत होता. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या लॉजवर त्याचं युनिट उतरलं होतं आणि त्यांच्या जेवणाचे डबे माझ्याकडून जायचे. शूटिंग मात्र तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यावर. नेमकं माझ्या माहेरी. तिथे माझी काकी एकटी राहते. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. एक कुडाचं घर आणि रस्त्याला लागून भाताचा तुकडा, एवढंच तिचं. त्या तुकड्याला खेटून माझ्या चुलत भावाचं, दुसऱ्या काकांच्या मुलाचं, शेत आहे. युनिटला आमचा पाडा दाखवला तो यानेच, म्हणून तर मला आधीपासून वास येत होता.

पिक्चर भुताळीचा होता. चेटूक करणाऱ्या बाईला आमच्याकडे भुताळी म्हणतात, आणि तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. दिग्दर्शक मात्र दिवसभर स्पीकरवरून ओरडायचा, भुताळीला बोलवा, भुताळीला पाणी द्या. मला म्हणाला, "ताई, बंगल्यातलं भूत आता जुनं झालं. लोकांना फोक हॉरर हवाय. भीती गावाच्या मातीतून आली पाहिजे." मातीतून यायला भीती म्हणजे काय अळंबी आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाईक होतं, गप्प बसले.

लहानपणी पाड्यावर कधीमधी पडदा लावून व्हिडिओ दाखवायचे. त्यात पांढऱ्या साडीतली, उलट्या पायांची बाई आली की आम्ही पोरं खिदळायचो. तसली बाई आमच्यात कोणी पाहिलीच नव्हती. आम्ही घाबरायचो ते भगताच्या सुपाला. कोणाच्या पोराचा ताप उतरेना, कोणाची गाय आटली, की भगत सूप घेऊन बसायचा. एकेका घराचं नाव घेऊन चिमूटभर तांदूळ टाकायचा आणि दाण्यांच्या जोड्या लावायचा. जोडीवाचून एक दाणा उरला, की खोट त्या घरात. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईच्या नावाने असा दाणा उरला होता. तिला कोणी मारलं नाही. आधी तिने स्वतः घोट घेऊन दाखवल्याशिवाय तिच्या हातचं पाणी कोणी पिईना, मग तेही बंद झालं, मग तिच्या अंगणातून जाणं, आणि एका सकाळी ती बोचकं घेऊन गुजरातच्या बाजूला निघून गेली. तिच्या जागेतले आंबे आज कोण उतरवतं ते मला ठाऊक आहे. भुताळी निघते ती बाई नेहमी एकटीच कशी असते, आणि तिच्या जमिनीवर आधीपासून कोणाचा डोळा कसा असतो, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

भुताळीच्या कामाला त्यांनी काकीलाच निवडलं. चेहरा काय जबरदस्त आहे, म्हणे. मी तिला सांगून पाहिलं, नको म्हण. ती हसली. "अगं, नुसतं बसायचं हाय. वर दोनदा चहा."

दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं, म्हणून भगतही आमच्या पाड्याचाच घेतला. त्याला समजावलं की दाणे टाकताना पिक्चरमधल्या बाईचं नाव घ्यायचं. भगत म्हणाला, "नाय जमायचं. जी बाई जगात नाय तिच्या नावाने दाणे कसे पडतील?" त्याचंही बरोबरच होतं. त्याला अभिनय येत नव्हता, दाणे पाहता येत होते. कॅमेरा सुरू झाला तसं त्याने समोर बसलेल्या बाईचंच नाव पुटपुटलं, काकीचं खरं नाव, आणि तांदूळ टाकले. एक दाणा उरला. दिग्दर्शक टाळ्या वाजवायला लागला. मागे उभ्या बायकांनी आपापली पोरं पदराआड ओढली. मी डबे उतरवता उतरवता माणसांची तोंडं पाहिली. युनिटच्या मते एक सीन झाला होता. पाड्याच्या मते निकाल लागला होता.

त्याच आठवड्यात चुलत भावाची शेळी मेली. हातपंपावर काकी आली की बायका हंडे तसेच ठेवून बाजूला व्हायला लागल्या. मी भावाला गाठलं. "मी काय केलं?" तो म्हणाला. "दाण्यांनी सांगितलं." पोलीस पाटलांकडे गेले तर ते म्हणाले, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, पण तिला कोणी हात लावलाय का? नव्हता लावला. पाणी न घेणं कुठल्या कायद्यात बसतं?

माझं डोकं फिरलं. तडक लॉजवर गेले आणि दिग्दर्शकाला सांगितलं, तो सीन परत घ्या, सगळ्या पाड्यासमोर, आणि या वेळी दाणा उरता कामा नये. तो म्हणाला, ताई, तो तर आमचा सगळ्यात भारी सीन आहे. म्हटलं, मग उद्यापासून जेवण तेवढं दुसरीकडे बघा. माझ्या हातची सुक्या बोंबलाची चटणी युनिटला भलतीच आवडायची. रिटेक ठरला.

भगताकडेही गेले. म्हटलं, "बाबा, परत एकदा बघा."

"दाणे खोटं बोलत नाय," तो म्हणाला.

"मग परत बघायला भ्यायचं कशाला?"

तो सूप झटकायला लागला. मला वाटलं, हाही भावाच्याच बाजूचा.

रिटेकला अख्खा पाडा जमला. काकी मान खाली घालून बसली होती. भगताने तिचं नाव घेतलं, तांदूळ टाकले, अंगठ्याने जोड्या सरकवत गेला. शेवटची जोडी लागली. काही उरलं नाही. त्याच्या अंगठ्याखाली एक दाणा राहिल्यासारखा मला वाटला. मी नजर दुसरीकडे वळवली, आणि ते त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण काकीकडे मीठ मागायला आली. ते ऐकून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पिक्चर पुढल्या वर्षी मोबाइलवर आला. पाड्यावर सगळ्यांनी पाहिला, भावाच्याच फोनवर. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सत्य घटनेवर आधारित. भावाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आणि सीन होता तो पहिलाच, दाणा उरलेला. रिटेक कापून टाकला होता. मी दिग्दर्शकाला फोन केला. "ताई, तो सीन म्हणजे पिक्चरचा जीव आहे," तो म्हणाला. "लोक खरंच घाबरतायत." मी फोन ठेवला. कोणत्या लोकांबद्दल बोलतोय हे त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि माझा संताप संताप झाला.

परवा काकीकडे गेले. अंगण सारवलेलं होतं, पण तिच्याशिवाय कोणाचं पाऊल त्यावर दिसत नव्हतं. भाताच्या तुकड्याच्या बांधावर नवे खांब रोवलेले होते. काकी म्हणाली, तुझा भाऊ विचारत होता, इथे एकटीने कशाला राहतेस. मी काही बोलणार तेवढ्यात तिने चहा आणला. कोराच, गूळ घातलेला, लहानपणापासून मला देते तसा. तिने तो बशीत ओतला. आधी स्वतः एक घोट घेतला, मला दिसेल असा, गिळला आणि क्षणभर थांबली. मग बशी माझ्यापुढे केली.

"काकी, मी आहे गं," मी म्हटलं. "माझ्यासमोर कशाला?"

"हां," ती म्हणाली. "सवय लागली."